लेकीच्या घरचं पाणी न पिणारे आमचे इवाई

आमच्या इवायांइतका हट्टी माणूस आख्ख्या छत्तीसगडात शोधून सापडणार नाही. आणि हे कोण सांगतो आहे, तर मी, ज्याला आमच्या टाऊनशिपच्या सेक्टर सहामधली शेंबडी पोरंसुद्धा 'जिद्दी बुढा' म्हणून ओळखतात. म्हणजे हट्टाची पारख मला आहे, यात शंका घेऊ नका. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील. पुण्यामुंबईकडे व्याही म्हणतात, आमच्या भंडाऱ्याकडे इवाई. शब्द कोणताही घ्या, नातं असं विचित्र की माणूस कितीही डोक्यात गेला तरी त्याला 'या जी, बसा जी' असंच म्हणावं लागतं. मी जन्मभर पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीपुढे उभा राहिलो, तिथला ताप अंगावर घेतला. पण या माणसासमोर खुर्ची टाकून 'हो जी, बरोबर आहे जी' म्हणताना जो ताप डोक्यात चढतो, त्याच्यापुढे ती भट्टी म्हणजे माठातलं पाणी.

इवाई दुर्गचे. तीन पिढ्यांपासून तिकडचेच. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी केली. आलेल्या खोक्यावर, गाठोड्यावर, पिंपावर चिठ्ठी डकवायची: हे नाजूक, हे ओलं होऊ देऊ नका, ह्याची ही बाजू वर. सगळी हयात त्यात गेली. रिटायर झाल्यावर माणूस देवधर्म करतो, कोणी टमाटे लावतो. यांनी घरबसल्या मानसशास्त्राचा अभ्यासक्रम केला! परीक्षा दिली, पास झाले, पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून माणसांवर चिठ्ठ्या डकवायला लागले. त्यांच्या मते जगातला प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या खोक्यात बसतो, फक्त खोका नीट निवडता आला पाहिजे. मी चौथी शिकलेला माणूस. मला एवढंच कळतं की माणूस खोक्यात बसतो तो मेल्यावर, आणि तेही आपल्यात नाही.

सुरुवात माझ्या मुलापासून केली. तो प्लांटमध्ये मिलवर आहे, पाळ्या बदलत राहतात. नाईट करून आला होता, डोळे लाल, हातात चहाचा कप घेऊन भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगत होता. इवायांनी त्याच्याकडे पंधरा मिनिटं टक लावून पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "व्याहीबुवा, जावईबापू अंतर्मुख आहेत. आत काहीतरी खोल चाललंय."

"आत काही नाही चालून राहिलं जी," मी म्हणालो. "तो झोपून राहिला. नाईटचा आहे तो."

"तेच तर. अंतर्मुख माणूस झोपेचं निमित्त करतो."

आता याला काय म्हणावं? मला त्यांनी कोणत्या खोक्यात टाकलं माहीत आहे? 'राग दाबून ठेवणारा'. मी! मी आजपर्यंत एकही राग दाबलेला नाही. ज्याच्यावर आला त्याच्या तोंडावर दिला, मग तो हेल्पर असो की मोठा साहेब. असा सगळा राग बाहेर काढून झालेल्या माणसाला हे म्हणतात दाबून ठेवणारा. मी तावातावानं उठलो, तर म्हणे, "बघा, बाहेर यायला लागला."

आमच्या सेक्टरच्या बाजारात एक सांड फिरत असतो. सगळे त्याला वळसा घालून जातात. इवायांनी त्याच्यासमोर स्कूटर उभी केली आणि मला समजावलं की हा वर्चस्व गाजवणारा स्वभाव आहे, याच्याकडे दुर्लक्ष केलं की याचा सगळा रस संपतो. केलं दुर्लक्ष. सांडानं आधी पिशवीतली कोथिंबीर खाल्ली, मग मेथी, मग सीटचं कव्हर चाटून फाडलं. इवाई आभाळाकडे पाहत उभे. घरी येऊन म्हणतात कसे, "लहानपणी प्रेम मिळालेलं नाही त्याला." सांडाला! आमच्या मेथीचं काय ते बोला ना!

पण हे सगळं मी चालवून घेतलं. इवाई आहेत, चालवून घ्यावं लागतं. जे माझ्या घशाखाली कधीच उतरलं नाही ते म्हणजे त्यांची बाटली.

आमच्याकडे जुनी रीत अशी की लेक दिली त्या घरचं अन्नपाणी बाप घेत नाही. पण ते कुठवर? नातवंड होईस्तोवर. नातवंड झालं की रीत सुटते, बाप पाटावर बसतो, पोटभर जेवतो. भंडारा, तुमसर, गोंदिया, कुठंही विचारा. पण इवायांचा जन्म गेला दुर्गच्या रेल्वे कॉलनीत, शेजारी सगळे उत्तरेकडचे. त्यांच्यात बाप लेकीच्या घरचं पाणी मरेपर्यंत पीत नाही म्हणे. हा माणूस मराठी, आडनाव मराठी, घरात गणपती बसतो, पण रीत उचलली शेजाऱ्याची. आणि उचलली ती अशी घट्ट पकडली की शेजारीसुद्धा सोडून देतील, हे सोडणार नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा दुर्गहून स्कूटरवर येणार, खांद्याला निळी बाटली, तिच्यात दुर्गचं पाणी. येणार, बसणार, घामानं भिजलेले, झाकण उघडून बाटलीचं तोंड रुमालानं पुसणार, मान वर करून वरून धार सोडणार. आणि माझी सून मेघा, त्यांची एकुलती एक लेक, आतून ग्लास भरून आणून उभी! दर वेळी आणायची. दर वेळी ते "नको बेटा" म्हणायचे. मग ती मागच्या दारी जाऊन ते पाणी तुळशीत ओतायची. बापाच्या वाट्याचं पाणी पिऊन पिऊन आमची तुळस पार खिडकीच्या वर गेली.

नात झाली तेव्हा मला वाटलं, सुटली रीत. बारशाला पुरणाचा स्वयंपाक केला, पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. इवाई पाटावर बसले. मी म्हटलं, जिंकलं! तर त्यांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला. आमच्या ताटाशेजारी डबा ठेवला आणि पोळीभाजी खाऊ लागले. पुरणपोळीवरचं तूप थिजलं तरी हात लावला नाही. मेघा दाराआड उभी होती. मी तिचा चेहरा पाहिला. त्या दिवशी मी ठरवलं: तुम्ही माझ्या घरचं पाणी पीत नाही ना? मग मीही तुमच्या घरचं पिणार नाही! तेव्हापासून दुर्गला जाताना माझ्याही खांद्याला बाटली, आणि चहाचा थर्मास वेगळा. विहीणबाई बिचाऱ्या पोहे करून आणायच्या. मी म्हणायचो, "नाही जी, आमचं आम्ही आणलं." कोणी म्हणेल, हा पोरकटपणा झाला. म्हणू द्या. मानाला मान असतो.

आमची नात चिमी या दोन बाटल्यांच्या मधे वाढली. एकदा तिनं तिच्या शाळेच्या हिंदीत इवायांना विचारलं, "नाना, आप हमारे घर का पानी क्यों नहीं पीते?" ते म्हणाले, "तुझ्या आईवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे ना, म्हणून." मग मला विचारलं, "आबा, आप?" आता लहान लेकराला काय सांगणार की मी सूड घेऊन राहिलो? मी म्हणालो, "ज्याले आपण लय मानतो, त्याच्या घरचं काही घेत नाही बेटा." उत्तर देऊन मी मोकळा झालो आणि विसरलो. ते विसरले. ती विसरली नाही.

चिमी तिसरीत असताना शाळेतून बोलावणं आलं. मुलगा ड्युटीवर होता, मी आणि मेघा गेलो. इवायांना कोणी बोलावलं नव्हतं, पण ते आमच्या आधी पोचून प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनबाहेर बसलेले, मांडीवर बाटली.

मॅडम म्हणाल्या, "बच्ची में बिहेवियर इश्यू है." आमची चिमी बाकाखाली जाऊन बसते, विचारलं तर बोलत नाही, वही कुरतडते. हे तरी ठीक. पण तिनं शेजारच्या मुलीला, अंजूला, ढकललं. अंजूचा वाढदिवस होता. तिच्या आईनं घरी अइरसे तळून दिले होते, तांदूळ-गुळाचे. अंजूनं सगळ्या वर्गाला वाटले, सगळ्यांनी खाल्ले, चिमीनं नाही म्हटलं. अंजू भरवायला गेली तर चिमीनं डबा उडवला, अइरसे फरशीवर. "और यह एक दिन की बात नहीं है," मॅडम म्हणाल्या. "सबके टिफिन से खाती है. सिर्फ अंजू का नहीं छूती. पहले दोनों साथ खाती थीं, अब उसका पानी तक नहीं लेती."

केबिनमध्ये अंजूची आई बसली होती. जामुलला राहतात, नवरा तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात. साधी बाई, डोक्यावर पदर. आता माझ्याकडे पाहून म्हणाली, "सबो झन के खाथे, एक मोर नोनी के नइ खाय. काबर, बबा? मोर नोनी रातभर रोइस."

तिच्या त्या 'काबर'मध्ये, म्हणजे 'का'मध्ये, काय होतं ते मला लगेच कळलं. मेघालाही कळलं, ती पांढरी पडली. त्या बाईला वाटलं होतं की आमच्या घरात शिवाशीव शिकवतात. आमच्या घरात! अहो, भट्टीवर आम्ही एका माठातून, एकाच लांब दांड्याच्या डोईल्यानं पाणी प्यायलो. कोण कुठल्या गावचा, कोण कुठल्या जातीचा, विचारायला श्वास नव्हता. असल्या माणसाच्या नातीवर हा डाग? मी उभा राहिलो. म्हणालो, "बाई, आमच्या घरात असलं काही नाही. देवाशप्पथ नाही."

"त का बात हे, बबा?" तिनं शांतपणे विचारलं.

मी परत खाली बसलो. तिनं मॅडमना सांगितलं की माझ्या मुलीला दुसऱ्या वर्गात बसवा, इथं तिचा अपमान होतो. मॅडम म्हणाल्या, पुढच्या सोमवारपर्यंत पाहू, नाहीतर वर्ग बदलू. आणि अशा वेळी, जिथं माणसानं खाली मान घालून निघून जावं, तिथं आमचे इवाई घसा खाकरून म्हणतात, "मैडम, यह व्यक्तित्व का मामला है. मुझ पर छोड़ दीजिए." मला वाटलं, तीच बाटली उचलून त्यांच्या डोक्यात घालावी.

त्या दिवसापासून इवाई रोज येऊ लागले. आमच्या व्हरांड्यात दवाखाना उघडला. पहिला सिद्धांत: माणसाचे स्वभाव उष्ण आणि थंड असतात, चिमी उष्ण आहे. स्वतःच्या बाटलीत सब्जा भिजवून आणला आणि तिला पाजला. चिमी प्यायली आणि पुन्हा पलंगाखाली जाऊन बसली. दुसरा सिद्धांत: एकुलतं एक मूल वाटून खात नाही. परीक्षा म्हणून तिच्या हातावर बर्फीचे दोन तुकडे ठेवले. तिनं एक मला दिला, एक आईला, आणि बोटं चाटली. "अपवाद," इवाई म्हणाले. तिसरा: चांगल्या वागण्याला बक्षीस दिलं की ते वाढतं. म्हणून ती 'हो' म्हणाली की गोळी. दोन दिवसांत ती कशालाही हो म्हणू लागली. अभ्यास झाला? हो. दात घासले? हो. तू उंट आहेस का? हो. खिशातल्या गोळ्या संपल्या तेव्हा इवाई थांबले.

"इवाई," मी म्हणालो, "पोरगी आहे ते, पार्सल नोहे."

"व्याहीबुवा, तुमचा राग मी समजू शकतो."

"समजू नका जी! मले नाही पाहिजे समजलेला!"

मग चित्राचा प्रयोग. मुलाला घराचं चित्र काढायला सांगायचं, मनातलं कागदावर येतं म्हणे. चिमीनं एक लहानसं घर काढलं. घराच्या दोन बाजूंना दोन बुढे, मिशीवाले, आणि प्रत्येकाच्या बाजूला काहीतरी उभं, लांबोडकं, वर निमुळतं, घरापेक्षाही मोठं. इवायांनी चष्मा पुसून कागद उलटा-सुलटा पाहिला. बराच विचार केला. आणि सांगितलं, "ही रॉकेटं आहेत. मुलीला हे घर सोडून उडून जायचं आहे." मेघा तशीच आत निघून गेली आणि भांडी आपटू लागली. मी दोन दिवस त्या माणसाशी बोललो नाही. माझी नात, माझ्या मांडीवर वाढलेली, आणि तिला म्हणे उडून जायचंय!

शनिवार आला. सोमवारी अंजूचा वर्ग बदलणार. चिमी आता जेवतही नव्हती. एप्रिल निम्मा झालेला, व्हरांड्यात झळा येत होत्या. इवाई आले, खुर्चीवर बसले. चिमी त्यांच्या पायाशी पायरीवर, शाळेची बाटली मांडीवर घेऊन. इवाई नव्या जोमानं बोलू लागले, "व्याहीबुवा, आता एकच सिद्धांत उरतो. मूल सांगितलेलं शिकत नाही, पाहिलेलं शिकतं. ज्या मोठ्या माणसाला ते सगळ्यात जास्त मानतं, त्याची ते नक्कल करतं. तेव्हा आपल्याला शोधायचं आहे की या घरात ही विकृत वागणूक नेमकी कोणाची..."

बोलता बोलता घसा सुकला. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, रुमालानं तोंड पुसलं, मान वर केली, धार सोडली. आणि खाली पायरीवर चिमीनं तिच्या बाटलीचं झाकण उघडलं, फ्रॉकच्या कडेनं तोंड पुसलं, मान वर केली, धार सोडली. थेट तशीच. तीच लकब, तोच कोपर.

इवायांची धार हनुवटीवर आली, शर्टावर सांडली. ते पुसायचं विसरले. नजर तिच्यावर. मग जे आमच्यापैकी कोणाही शहाण्याला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं, ते त्यांनी केलं. तिलाच विचारलं.

"चिमी, तू अंजूचा अइरसा का नाही खाल्लास बेटा?"

चिमीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की आजोबांना एवढंही माहीत नाही? "नाना, वो मेरी पक्की सहेली है ना."

"मग?"

"मग क्या? जिससे सबसे ज़्यादा प्यार होता है, उसके घर का नहीं खाते. आप मम्मी के घर का नहीं खाते. आबा आपके घर का नहीं खाते. बाकी सबका तो मैं खाती हूँ."

"पण आधी तर खात होतीस..."

"तब वो पक्की नहीं थी." आणि मग ती बाटलीचं झाकण उगाच फिरवत म्हणाली, "वो ज़बरदस्ती मुँह में डाल रही थी. नियम टूट जाता. अब वो मुझसे बात नहीं करती, नाना."

दारात मेघा उभी होती, हातात तो रोजचा ग्लास. माझ्या मनात काय आलं ते सांगतो: राग आला. अस्सा राग आला की या माणसाच्या एका बाटलीपायी माझ्या नातीनं जिवाभावाची मैत्रीण घालवली, आणि त्या जामुलच्या बाईनं आमच्याबद्दल नाही नाही ते मनात धरलं. माझीही बाटली होती, हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण आधी कोणाची होती?

मी तोंड उघडणार तोवर इवाई उठले. चिठ्ठी नाही, सिद्धांत नाही, एक अक्षर नाही. स्कूटरला किक मारली आणि गेले. मेघानं ग्लास तुळशीत ओतला.

"पळाले!" मी ओरडलो. "वेळेवर पळाले तुझे बाबा!"

"मामाजी," ती म्हणाली, "ते नाही पिणार. मी ओळखते त्यांना. तुम्ही त्यांना काही म्हणू नका." आणि पदरानं डोळे पुसत आत गेली. बापाविरुद्ध बोललेलं लेकीला खपत नाही, बाप कसाही असो.

रविवारी सकाळी स्कूटरचा आवाज आला. मी व्हरांड्यात पेपर घेऊन बसलो होतो. इवाई फाटकातून आत आले. खांदा मोकळा. बाटली नाही. दुर्गहून उन्हात आलेला माणूस, ओठ वाळलेले. खुर्चीवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले, आणि आतल्या दाराकडे न पाहता म्हणाले, "मेघा, पाणी आण."

मी पेपर तोंडासमोर उंच धरला. वाचायला येत नसलेल्या माणसासारखा एकच ओळ पाहत राहिलो. आत ग्लास पडल्याचा आवाज झाला. मग दुसरा घेतल्याचा. मेघा आली, काठोकाठ भरलेला ग्लास, पाणी सांडत होतं. इवायांनी दोन्ही हातांनी घेतला. डोळे मिटले. वरून धार नाही सोडली, तोंड लावून प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. तुळशीला त्या दिवशी पाणी मिळालं नाही.

ग्लास परत देताना म्हणाले, "तुमच्या टाऊनशिपच्या पाण्याला औषधाचा वास फार येतो." इतकी वर्षं लेकीला ताटकळवलं आणि पहिला घोट घेतल्यावर नावं ठेवतात! पण मेघा हसत होती आणि रडत होती, म्हणून मी गप्प बसलो.

चिमी पलंगाखालून बाहेर आली होती. सगळं पाहिलं तिनं. आजोबांच्या गुडघ्याला धरून विचारलं, "नाना, मम्मी से प्यार कम हो गया?"

मी पेपर खाली केला. मला पाहायचं होतं आता कोणता खोका निघतो ते. इवायांनी तिचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "नाही बेटा. नाना चुकीचा नियम शिकला होता. खरा नियम असा की ज्याच्यावर जीव आहे, त्याच्याकडे हक्कानं मागून प्यायचं."

"आबा भी?"

"आबालाही विचार," इवाई म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. लबाड माणूस.

"हो, आबाबी," मी म्हणालो. काय करता? नात विचारून राहिली होती.

लगेच ऑटो केला आणि आम्ही तिघं जामुलला गेलो, दोन बुढे आणि मधे चिमी. अंजूची आई अंगणात तांदूळ पाखडत होती. आम्हाला पाहून उठली, चेहरा कडक. अंजू आईच्या मागे लपली. इवायांनी हात जोडले आणि सुरू झाले, "बहनजी, ऐसा है कि बालमन जो है, वो अनुकरण से..." मूल, नक्कल, सिद्धांत, तुमचा गैरसमज, आमची रीत, उत्तरेची रीत, भंडाऱ्याची रीत. मला घाम फुटला. त्या बाईनं थोडं ऐकलं आणि म्हणाली, "पहिली पानी पी लव, बबा. गोठ बाद म होही." म्हणजे आधी पाणी, बोलणं नंतर.

लोटा भरून आणला. इवायांनी हात पुढे केला, पण मी आधी घेतला. या बाबतीत तरी मी मागे राहणार नव्हतो. प्यायलो, मग त्यांनी घेतला, तेही प्यायले. चिमी एकदा माझ्या तोंडाकडे पाहत होती, एकदा त्यांच्या. लोटा रिकामा झाला तशी ती दोन पावलं पुढे गेली, अंजूच्या आईच्या पदरामागे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अंजू, मुझे भी पानी दे ना. तेरी बोतल से."

अंजूनं आईकडे पाहिलं. मग पळत घरात गेली. बाटली आणली, आणि झाकण उघडून स्वतःच फ्रॉकनं बाटलीचं तोंड पुसलं. चिमीची लकब तिलाही लागलेली होती. अंजूच्या आईनं ते पाहिलं, आणि मग तिला इवायांचं सगळं भाषण आपसूक समजलं असावं, कारण ती हसली. आत जाऊन वाटीभर अइरसे घेऊन आली. चिमीनं किती खाल्ले ते सांगत नाही, घरी येऊन पोट दुखलं. इवाई म्हणाले, हा अतिरेकी स्वभाव आहे. मी म्हणालो, "भूक आहे जी, भूक!"

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. चिमी आणि अंजू मोठ्या झाल्या, दोघींचं गूळपीठ तसंच आहे, आणि अइरशाची गोष्ट काढली की दोघीही लाजतात. इवायांची स्कूटर विकली. डोळे अधू झाले, आणि त्याहून वाईट म्हणजे चिठ्ठ्या सुटू लागल्या. कोण अंतर्मुख, कोण बहिर्मुख, आठवत नाही. मागच्या महिन्यात माझ्या मुलाकडे पाहून म्हणाले, "हा थकलेला दिसतो, नाईट करून आला असेल." मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. वाद घालायला समोर पाय रोवून उभा राहणारा माणूस पाहिजे, हा तर सगळं कबूल करून राहिला.

आता मीच दर रविवारी दुर्गला जातो. हात हलवत जातो, बाटली नाही, थर्मास नाही. मला दारात पाहिलं की ते आत हाक मारतात, "अहो, व्याहीबुवा आले, पाणी आणा." विहीणबाई आणतात, मी पितो. आम्ही बसतो. ते रस्त्याकडे पाहतात, मी त्यांच्याकडे. थोड्या वेळानं ते पुन्हा माझ्याकडे वळतात, जसा मी आत्ताच फाटक उघडून आलो, आणि पुन्हा आत हाक मारतात, "अहो, व्याहीबुवा आले, पाणी आणा." विहीणबाई दारात येतात, माझ्याकडे पाहतात, काय करू म्हणून.

"आणा जी," मी म्हणतो. आणि तो ग्लासही पितो, शेवटच्या थेंबापर्यंत.